मलिक अंबर आणि खडकीचे घुमट

आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या गावाच्या पांढरीवर उभे राहून खाली पाहिले, तर उतरती छपरे फारशी दिसत नसत. दिसत ती माळवदे. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचा आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. आता त्यांची जागा पत्र्याने आणि सिमेंटच्या स्लॅबने घेतली, तरी सपाटपणा तोच राहिला. याला कारणही आहे. बीड जिल्ह्यात पाऊस बेताचा आणि ऊन कडक. सपाट माळवदावर उन्हाळ्यात झोपता येते, मिरच्या वाळवता येतात, शेजारणीशी बोलता येते. वळण घेतलेले, पाठ वाकवून उभे राहिलेले छत मात्र आपल्या माणसाने स्वतःच्या डोक्यावर सहसा घेतले नाही. ते त्याने देवासाठी, पीरासाठी आणि मेलेल्या मोठ्या माणसांसाठी राखून ठेवले.

मलिक अंबराचे चरित्र लिहिताना छतापासून सुरुवात करावी, हे कोणाला विचित्र वाटेल. त्याच्या लढाया आणि त्याचा गनिमी कावा आपण क्रमिक पुस्तकांत वाचतो, परीक्षेत चार गुणांसाठी लिहितो आणि विसरतो. पण या माणसाने एक शहर वसवले, आणि त्या शहरात दगडचुन्याचे काही काम असे केले की त्यावरून त्याची बुद्धी कशी चाले हे आजही पाहता येते. लढाई संपली की मागे धूळ राहते. छत मात्र चारशे वर्षांनीही वर मान करून पाहता येते.

अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. लहानपणीचे नाव चापू. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या बाजारात उभा राहिला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, मग बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. बगदादेत मीर कासिम नावाच्या धन्याकडे त्याला शिक्षण मिळाले आणि अंबर हे नाव मिळाले. अंबर हा एक सुगंधी, मौल्यवान पदार्थ. गुलामांना अशी नावे देण्याची तेव्हा रीत होती. तेथून तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी आणि एके काळचा गुलामच होता. दख्खनेतल्या दरबारांत हबशी गुलामांच्या पलटणी असत, आणि त्यांतला कर्तबगार माणूस सरदारही होऊ शकत असे. आपल्याकडच्या जन्मजात चौकटीत हे न बसणारे आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

१५७५ च्या सुमारास चंगेजखान वारला आणि अंबर मोकळा झाला. त्याने लग्न केले. बायकोचे नाव करीमा. पुढची वीस वर्षे त्याच्या नावाचा फारसा गाजावाजा नाही. विजापूरच्या आदिलशाहीत तो काही काळ चाकरीला होता. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. तिथे बेबनाव झाला तेव्हा तो आपले थोडे स्वार घेऊन पुन्हा निजामशाहीत आला. हे साल १५९५ च्या आसपासचे. त्या वेळी त्याच्यापाशी दीडशेच्या आसपास घोडेस्वार होते, असे इतिहासकार सांगतात. वय पन्नाशीला टेकलेले. त्या काळच्या मानाने हे उतारवय. ज्याला आपण मलिक अंबर म्हणून ओळखतो तो सगळा या वयानंतरचा आहे.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. चांदबिबी स्वतःच्याच माणसांकडून मारली गेली आणि निजामशहा मोगलांचा कैदी झाला. राज्य संपले असे दिल्लीने धरून चालावे, अशीच परिस्थिती होती. अंबराने मात्र निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, त्याला मुर्तजा या नावाने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. परांडा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला, आपल्या शेजारचा. राजधानी गेली, खजिना गेला, अर्धे सरदार फुटले, आणि एक माजी गुलाम सीमेवरच्या किल्ल्यात बसून राज्याचे उरलेले तुकडे पुन्हा जोडू लागला. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले. पुढे राजू दखनी या प्रतिस्पर्ध्याला त्याने हटवले, राजधानी जुन्नरला नेली, मग १६१० मध्ये दौलताबादेला. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत मिळाला.

याच काळातली एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या मुर्तजाला त्याने गादीवर बसवले, त्याच्याशी बिनसल्यावर अंबराने त्याला विष देऊन संपवले आणि त्याच्या लहान मुलाला गादी दिली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. शून्यातून वर आलेल्या माणसाचे चरित्र लिहिताना आपल्याकडे त्याला संत करण्याची खोड आहे. अंबर संत नव्हता. तो राज्य चालवत होता.

दौलताबादेच्या जवळ खाम नदीकाठी खडकी नावाचे लहानसे खेडे होते. नावातच खडक. १६१० मध्ये येथे त्याने शहर वसवायला घेतले. पहिला प्रश्न पाण्याचा होता. उत्तरेकडच्या डोंगरांतून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणण्याची योजना त्याने केली. तिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. बीडकरांना हे सगळे परके वाटू नये. आपल्या शहराजवळची खजाना विहीर याच जातीची. ती याच निजामशाहीत, १५८२-८३ च्या सुमारास, सलाबतखानाने बांधवली. बांधणारा कारागीर म्हणून राजा भास्कराचे नाव सांगतात. तिच्यात भुयारांतून पाणी येते आणि भुयारातूनच बाहेर शेतांकडे जाते. अंबर दख्खनेत आला त्यानंतरच्या आठदहा वर्षांतले हे काम. म्हणजे जमिनीखालून पाणी खेळवण्याचे ज्ञान या मुलखात जिवंत होते. अंबराने ते एका शहराच्या मापाचे केले.

इथूनच छताचा विषय निघतो. भुयार खणले की त्याच्यावर मातीचा भार येतो. त्यावर सपाट फरशी टाकली आणि भार वाढला, तर ती मधोमध मोडते, कारण दगडाला वाकणे सोसत नाही. दगडावर कितीही भार ठेवा, तो दाबला जाईल, सहजी चिरडणार नाही. पण त्याला वाकवायला गेलात तर तो तडकतो. लाकडाचे तसे नाही. म्हणून तुळई लाकडाची होऊ शकते. आमच्या माळवदाची सगळी मदार या लाकडावर असते, आणि जिथे चांगले लांब लाकूड मिळत नाही तिथे खोली अरुंद ठेवावी लागते. जुन्या वाड्यांतल्या खोल्या निमुळत्या का, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

कमान ही या अडचणीवर माणसाने काढलेली तोड आहे. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेलून असे लावायचे की प्रत्येक दगड फक्त दाबला जाईल, वाकवला जाणार नाही. ज्वारी काढल्यावर कडब्याच्या पेंढ्या शेतात एकमेकींना टेकवून उभ्या करतात ना, तसेच हे. प्रत्येक पेंढी पडायला निघालेली असते, आणि सगळ्या मिळून उभ्या असतात. बांधताना खालून लाकडी आधार द्यावा लागतो. शेवटचा मधला दगड बसला की तो काढून घेतात. मग कमान स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि भार खाली व बाजूला ढकलते. हे बाजूला ढकलणे फार महत्त्वाचे. कमानीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती सरकल्या की कमान उघडते आणि कोसळते.

कमान सरळ मागे ओढत नेली की भुयाराचे छत होते. तीच आपल्या मध्याभोवती फिरवली की घुमट होतो. आपल्या यादवकालीन देवळांतही मंडपाला घुमटासारखी छते आहेत, पण त्यांची रीत वेगळी. तिथे दगडाचे थर आडवेच ठेवलेले असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला असतो. असे करत करत मध्याचे भोक लहान होते आणि शेवटी एका शिळेने ते झाकतात. त्यात फार रुंदी साधत नाही, आणि दगड फार लागतो. पण नक्षीला भरपूर जागा मिळते. पाचरीचे दगड आणि चुना यांचा घुमट इराण, इराक या बाजूने दख्खनेत आला. कलबुर्ग्याची १३६७ ची जामा मशीद, जिचा स्थपती इराणातल्या कझवीनचा रफी होता, ती जवळजवळ सगळीच्या सगळी लहानमोठ्या घुमटांनी झाकलेली आहे. अंबर बगदादेत वाढला आणि दख्खनेत म्हातारा झाला. हा घुमट ज्या वाटेने आला, त्याच वाटेने तोही आला होता.

खडकीला त्याने जी जामा मशीद बांधली ती आज किल्ले अर्काच्या जवळ आहे. तिचे साल सामान्यतः १६१२ च्या सुमाराचे देतात. दुरून डोळ्यांत भरेल असा एकच प्रचंड घुमट तिला नाही. इमारत बुटकी आणि रुंद. समोर टोकदार कमानींची रांग, वर तोड्यांवर पेललेला छज्जा. आत गेले की खरा प्रकार दिसतो. बहुकोनी खांबांवर चारी दिशांनी कमानी टाकून सारखे चौकोनी खण पाडलेले आहेत आणि प्रत्येक खणावर एक साधा, लहान घुमट. सगळे खण एका मापाचे. आज हे खण सत्तावीस आहेत आणि समोरच्या कमानी नऊ. म्हणजे प्रत्येक कमानीच्या मागे तीन खण. त्या नऊपैकी अंबराच्या वेळच्या फक्त पाच. उरलेल्या चारांविषयी पुढे सांगायचे आहे.

या मांडणीचा उपयोग काय, ते पाहण्यासारखे आहे. चौकोनावर गोल घुमट बसवणे हीच मुळात अडचण. कारागीर चौकोनाचे चारही कोपरे कापून आधी आठ कोन करतात आणि मग त्या आठांचा गोल करतात. खण लहान असला की हे काम सोपे जाते. आधाराची लाकडी चौकट एकदा केली की ती एका खणाखालून काढून दुसऱ्याखाली लावता येते; एवढ्या मोठ्या छताला लाकूड मात्र मूठभर. दगड इथला काळा, चुना इथला. आणि सगळ्यांत मोठी सोय म्हणजे शेजाऱ्याची. प्रत्येक घुमट बाजूला ढकलतो. पण त्याच्या शेजारी तेवढाच दुसरा घुमट उलट बाजूने ढकलत असतो, तेव्हा मधला खांब दोघांच्या मध्ये स्थिर राहतो. म्हणून आतले खांब सडसडीत ठेवता येतात. जाड भिंत लागते ती फक्त शेवटच्या कडेला, जिथे शेजारी संपतो.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेली इमारत विजापूरला आहे. गोल घुमट अंबरानंतर तीसेक वर्षांनी पुरा झाला. सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो एकच घुमट पेलायला तीन मीटर जाडीच्या भिंती घालाव्या लागल्या. पाहताना छाती दडपते, यात शंका नाही. पण तो एका सुलतानाच्या कबरीसाठी आहे आणि त्यात एक वीतभरही वाढ करता येणार नाही. खडकीच्या मशिदीला वाढ करता येते. कडेची भिंत उतरवा, आणखी एक रांग जोडा, भिंत पुन्हा उभी करा. लोक वाढले की छत वाढते. ज्याच्या राज्याची हद्द दर दोन वर्षांनी बदलत होती आणि ज्याच्या शहरात रोज नवी माणसे येत होती, त्याला हेच छत सुचावे, यात मला काही योगायोग वाटत नाही.

त्याच वर्षांत भडकल दरवाजा झाला. १६१२ च्या सुमारास गुजरातेकडून चालून आलेल्या मोगल फौजेची त्याने दाणादाण उडवली, त्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला असे सांगतात. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्यामुळे मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांनी हा दरवाजा पाहिलेला असतो. तो कोणी बांधला हे मात्र विचारले तर सांगता येत नाही. विजयाचा दरवाजा असूनही तो पोकळ शोभेचा नाही. आत उभे राहून वर पाहावे. कमानींवर तोललेल्या छताची सावली उन्हातून येणाऱ्या माणसाला बरी वाटते.

खडकीला चार वर्षेही स्वस्थता मिळाली नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबराचा मोठा पराभव झाला. लखुजी जाधवांसारखे मातब्बर सरदार त्याआधीच मोगलांना जाऊन मिळाले होते. विजयी फौज खडकीत शिरली आणि तिने शहर जाळले, उद्ध्वस्त केले. १६२१ मध्ये पुन्हा तेच झाले. शहर जळते म्हणजे काय जळते? तुळया जळतात, किलचा जळतात, आणि खालचे लाकूड जळाले की वरची माती आपल्याच भाराने खाली येते. माळवदाच्या घराला आगीत बचाव नाही. दगडचुन्याचे छत काळवंडते, तडकते, पण त्यात पेटण्यासारखे काही नसते. प्रत्येक वेळी अंबर परत आला आणि शहर पुन्हा उभारू लागला. जे जळण्यासारखे नव्हते त्याच्या आधारानेच ही उभारणी झाली असावी, हा माझा तर्क; पण तो फार धाडसाचा नसावा.

याच सुमारास दिल्लीच्या बादशहाने, म्हणजे जहांगिराने, एक चित्र काढवून घेतले. अबुल हसन हा त्याचा चित्रकार. चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात अंबर कधीच हाती लागला नाही. जे रणात साधले नाही ते कागदावर साधून घेतले. आपल्या आत्मचरित्रातही जहांगीर त्याचा उल्लेख शिवीगाळीशिवाय क्वचितच करतो. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

महसुलाच्या बाबतीत अंबराने केलेल्या सुधारणा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. मक्त्याने वसुली देण्याची रीत त्याने मोडली, जमिनीची प्रत पाहून धारा ठरवला, आधी पिकाच्या दोन पंचमांश आणि पुढे रोखीत साधारण एक तृतीयांश असा भाग घेतला. गावचा पाटील आणि कुळकर्णी यांना या व्यवस्थेत जागा होती. मलिकंबरी धारा हा शब्द त्याच्यानंतर कितीतरी वर्षे दप्तरांत चालत राहिला. विस्ताराने लिहिण्याचे हे स्थळ नव्हे.

१६२४ ची भातवडीची लढाई मात्र टाळता येत नाही, कारण ती आपल्या आष्टी तालुक्याच्या शिवेपासून फार दूर झाली नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एक होऊन अंबराच्या मागे लागल्या होत्या. अंबराचे वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे. त्याने आजूबाजूची रसद तोडली, आणि तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत आणि छावणीत चिखल केला. ज्याने डोंगरातून खडकीला पाणी आणले त्याला पाण्याने काय काय करता येते हे ठाऊक होते. जड तोफा आणि मोठी घोडी चिखलात रुतली, आणि रात्री-अपरात्री हलके स्वार येऊन घाला घालू लागले. शेवटच्या हल्ल्यात आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला आणि दोन बादशाह्यांच्या फौजा मोडल्या. शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूने लढले; त्यांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. पुढे याच मुलखात ज्या लढण्याच्या रीतीने एक नवे राज्य उभे राहिले, तिचा एक धडा भातवडीला गिरवला गेला, असे म्हणणाऱ्या इतिहासकारांशी सहमत व्हायला हरकत नाही.

भातवडीनंतर दोनच वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात, मलिक अंबर वारला. वय ऐंशीच्या घरात. जहांगिराच्याच दरबारातल्या एका इतिहासकाराने, तो मेल्यावर का होईना, त्याच्या कर्तृत्वाची मनापासून तारीफ केली. मुलगा फत्तेखान गादीचा कारभारी झाला आणि काही काळ खडकीला फतेहनगर म्हणू लागले. पण फत्तेखानाजवळ बापाचे धोरण नव्हते. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

आता त्या चार कमानींविषयी. १६५३ मध्ये शहाजहानचा मुलगा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि त्याने अंबराच्या शहराला आपले नाव दिले. औरंगाबाद हे नाव पुढे पावणेचारशे वर्षांच्या जवळपास चालले. २०२३ पासून त्या शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नाव बदलणे एका हुकमाचे काम. मशीद लहान पडू लागली तेव्हा मात्र औरंगजेबाला अंबराच्या मापाचाच आधार घ्यावा लागला. त्याच उंचीच्या चार कमानी, त्याच मापाचे खण, तसेच घुमट. ज्याच्या बापाने खडकीवर फौजा आणल्या आणि ज्याच्या आजोबाने अंबराच्या मुंडक्याचे चित्र काढवले, त्याने अंबराचे छत जसेच्या तसे पुढे चालू ठेवले. पाच अंबराच्या आणि चार त्याच्या हे आपल्याला पुस्तकातून समजते; छताखाली बसलेल्या माणसाला जोड शोधावी लागते. चौकातल्या हौदात पाणी येई तेही अंबराच्या नहरीचेच.

खुल्ताबादला या दोघांच्याही कबरी आहेत. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याची कबर दर्ग्याच्या आवारात, त्याच्याच इच्छेप्रमाणे उघड्या आकाशाखाली आहे. ज्याच्या हुकमाने एवढ्या इमारती झाल्या त्याने स्वतःवर छत घेतले नाही. मलिक अंबराची कबर गावाबाहेर वायव्येला आहे. ती इमारत त्याने हयातीतच बांधवून ठेवली होती असे म्हणतात. जवळच करीमाची कबर. मोठे रस्ते आणि सहलींच्या बसगाड्या वेरूळकडे वळतात. इकडे चुकून कोणी येतो. काळ्या दगडाची चौकोनी इमारत, भिंतींवर आंधळ्या कमानींच्या चौकटी आणि वर एक घुमट. इथे खडकीच्या मशिदीसारखी शेजाऱ्यांची रांग नाही. घुमट एकटा आहे, त्याला बाजूने टेकायला कोणी नाही. म्हणून त्याचा सगळा रेटा त्याच्या चार भिंतींनाच पेलावा लागतो.